पैसे कटले, पण पोहोचले नाहीत

२६ मार्च २०२५, बुधवार. रमजानचा पंचविसावा रोजा. इफ्तार आणि मगरिबची नमाज उरकून मी शहागंजच्या बाजारात गेलो होतो. शेवटच्या अशऱ्यात आमच्या शहराचा हा भाग कसा असतो, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. सिटी चौकापासून शहागंजच्या घड्याळापर्यंत पाय ठेवायला जागा नसते. तरावीहच्या आधी मिळणाऱ्या तास-दीड तासात निम्म्या शहराला ईदची खरेदी उरकायची असते.

लहान मुलांच्या कपड्यांच्या एका दुकानात भाच्यासाठी कुर्ता घेतला. क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला. पडद्यावर गोल फिरत राहिलं आणि शेवटी व्यवहार झाला नाही असं आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दुकानदार ओळखीचा, त्याची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकलेली. तो म्हणाला, "सर, ले जाओ. पैसों का क्या है, कल देख लेंगे."

माझ्या आधी एक बाई उभी होती. तीन मुलांचे तीन ड्रेस बांधून तयार होते, बिल साडेअकराशे. तिच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला होता, पैसे वजा झाल्याचा. दुकानदाराच्या मोबाईलवर काही नाही, काउंटरवरचं मशीन बोललं नाही. दुकानदार म्हणत होता, "बाजी, मेरे पास आएच नहीं, मैं कैसे देऊँ?" तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. "भाईसाब, आप पढ़े-लिखे दिखते. देखो ना, कट गए ना?" मी वाचलं. कटले होते. तिच्याकडे दुसरे पैसे नव्हते. माझ्या खिशात पन्नासची एक नोट होती, कारण गेली दोन-तीन वर्षं स्टाफरूममध्ये "आता पाकिटाची गरज काय" म्हणणाऱ्यांत मीही होतो.

ती पिशवी काउंटरवर ठेवून गेली. मी माझी पिशवी घेऊन निघालो. घरी येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. माझ्या खात्यातून एक पैसा गेला नव्हता, तरी मला कपडे मिळाले. तिच्या खात्यातून साडेअकराशे गेले होते, तरी तिला मिळाले नाहीत. मला कपडे मिळाले ते "सर" असल्यामुळे. तिच्यापाशी फक्त बँकेचा मेसेज होता, आणि बँकेच्या मेसेजला बाजारात त्या संध्याकाळी किंमत नव्हती.

दुकानदाराला मी दोष देत नाही. खोटे स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे त्याला भेटलेले आहेत. मशीन बोलल्याशिवाय माल द्यायचा नाही, हे तो नुकसान सोसून शिकला. बाईचाही दोष नाही. माझा वाद या दोघांशी नाही. ज्यांनी या दोघांच्या मध्ये ही यंत्रणा आणून ठेवली, तिच्या यशाचे आकडे दर महिन्याला जाहीर केले आणि ती बंद पडल्यावर जे या दोघांना एकमेकांच्या तोंडाला लावून बाजूला झाले, त्यांच्याशी आहे.

त्या संध्याकाळी देशभर यूपीआय अडखळलं होतं. एनपीसीआयने, म्हणजे ज्या संस्थेच्या स्विचवरून हे सगळे व्यवहार जातात तिने, अधूनमधून येणाऱ्या तांत्रिक अडचणी असं कारण दिलं. २ एप्रिलला पुन्हा अडचण आली. १२ एप्रिलला, शनिवारी, भर दिवसा काही तास पुन्हा तेच. त्या वेळी जे कारण पुढे आलं ते वाचण्यासारखं आहे. "अमक्या व्यवहाराचं काय झालं?" अशी विचारणा करणारे संदेश बँकांकडून स्विचवर इतके आदळले की स्विचच गुदमरला. एकच मूल वर्गात शंभर वेळा "सर, माझा पेपर तपासला का?" विचारू लागलं तर बाकीच्यांचे पेपर तपासायचे राहतात, तसं. त्यानंतर १ ऑगस्ट २०२५ पासून नियम आले. एका अ‍ॅपवर दिवसात पन्नासपेक्षा जास्त वेळा शिल्लक बघता येणार नाही, अडकलेल्या व्यवहाराची चौकशीही मोजक्याच वेळा करता येईल. गर्दी कमी करायला हे योग्यच असेल. पण बघा, नियम कुणाच्या बोटांवर आला.

पैसे कटूनही पोहोचत नाहीत म्हणजे काय होतं, ते सोप्या भाषेत सांगतो, कारण हे शाळेत कुणी शिकवत नाही. तुम्ही पिन टाकता तेव्हा निरोप तुमच्या अ‍ॅपकडून त्या अ‍ॅपशी जोडलेल्या बँकेकडे जातो. तिथून स्विचकडे, स्विचकडून तुमचं खातं असलेल्या बँकेकडे. ती बँक रक्कम वजा करते आणि होकार परत पाठवते. मग स्विच दुकानदाराच्या बँकेला सांगतो की जमा करा. ती जमा करते, होकार देते, आणि तो होकार फिरून दोघांच्या मोबाईलवर येतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं, आणि होतं तेव्हा खरोखर कौतुक वाटावं असंच आहे. पण यातला कुठलाही एक दुवा दुसऱ्या निम्म्या रस्त्यात तुटला तर पैसे तुमच्याकडून निघालेले असतात आणि त्यांच्याकडे पोहोचलेले नसतात. अ‍ॅप त्याला "प्रलंबित" म्हणतं. उधारी म्हणावी तर उधारी नाही, कारण पैसे दिलेत. रोख म्हणावं तर रोख नाही, कारण मिळाले नाहीत. बाजाराच्या हजारो वर्षांच्या हिशेबात असा तिसरा रकाना कधी नव्हता. तो आता आलाय, आणि त्यात उभं राहायची पाळी नेहमी ग्राहक आणि दुकानदारावर येते.

यावर नियम नाही असं नाही. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ ला परिपत्रक काढलं आहे. यूपीआयवरून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे पोहोचले नाहीत तर व्यवहाराच्या दिवसानंतर एक दिवसाच्या आत आपोआप परत आले पाहिजेत. व्यापाऱ्याला दिलेले पैसे कटले आणि त्याला खात्री मिळाली नाही, तर पाच दिवसांच्या आत. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही तक्रारीची वाट न पाहता बँकेने स्वतःहून जमा करायची. चांगला नियम आहे. पण तो त्या बाईला लावून बघा. २६ मार्चला पैसे कटले. दिवस कॅलेंडरचे मोजायचे. पाचवा दिवस ३१ मार्च. त्या दिवशी ईद होती.

म्हणजे तिचे पैसे ईदच्या दिवशी रात्री परत आले असते तरी नियम पाळला गेला असता. कागदावर कुणाचाच गुन्हा नाही. ज्याच्याकडे दुसरं खातं आहे, तिसरं कार्ड आहे, त्याला पाच दिवस म्हणजे पाच दिवस. ज्याच्याकडे एकच खातं आणि एकच सिमकार्ड आहे, त्याला पाच दिवस म्हणजे अख्खा सण.

इथे कुणीतरी सांगेल, यूपीआय बंद पडलं तर कार्ड टॅप करा. जालना रोडवरच्या मोठ्या शोरूममध्ये हे ठीक आहे. मशीनवर कार्ड किंवा मोबाईल नुसता टेकवायचा. १ जानेवारी २०२१ पासून कार्डावर पाच हजारांपर्यंत पिनही लागत नाही. पण शहागंजच्या फुटपाथवर, जुन्या बाजारात, रोशन गेटच्या हातगाडीवर टॅपचं मशीन किती जणांकडे आहे? आणि आहे तिथेही त्या मशीनमध्ये सिम आहे, सिमला रेंज लागते, पलीकडे बँकेचा सर्व्हर जागा असावा लागतो. एक दोर तुटला तर दुसरा धरा असं सांगतात, आणि दोन्ही दोर एकाच खुंटीला बांधलेले असतात. ३१ जुलै २०२४ आठवा. सी-एज नावाच्या एका कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाल्याच्या शक्यतेवरून एनपीसीआयने तिला जाळ्यातून वेगळं केलं. एका कंपनीचं काम, पण तिच्यावर अवलंबून होत्या देशातल्या जवळजवळ तीनशे छोट्या बँका, सहकारी आणि ग्रामीण. मोठ्या बँकांच्या ग्राहकांना पत्ताही लागला नाही. दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली. पण या छोट्या बँकांत खाती कुणाची असतात ते मराठवाड्यात सांगावं लागत नाही.

आमच्या शहरापासून पंधरा किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी तिथे आणली, आणि तेव्हापासून आजपर्यंत कुणीही अविचारी हुकूम काढला की आपण त्याला तुघलकी म्हणतो. याच सुलतानाने १३२९-३० च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी काढून ती चांदीच्या टंक्याच्या बरोबरीने चालतील असं फर्मान काढलं. कल्पना काळाच्या पुढची होती. आजची नोट काय, मोबाईलवरचा आकडा काय, याच जातीचे: वस्तूला किंमत नाही, मागे उभ्या असलेल्या सत्तेच्या शब्दाला किंमत. पण खोटी नाणी रोखायची व्यवस्था सुलतानाकडे नव्हती. घरोघर टांकसाळी निघाल्या आणि चलन कोसळलं. मग त्याने काय केलं? लोकांना सांगितलं, तुमची तांब्याची नाणी आणा आणि खजिन्यातून चांदी-सोन्याची घेऊन जा. झियाउद्दीन बरनी हा त्याच काळातला इतिहासकार. त्याने लिहून ठेवलंय की परत आलेल्या त्या नाण्यांचे तुघलकाबादेत डोंगरासारखे ढीग पडले होते. खरी-खोटी सगळी घेतली गेली. खजिन्याला जबर फटका बसला.

मला त्या सुलतानाची तरफदारी करायची नाही. त्याच्या जुलमांची यादी लांब आहे. पण एवढं तरी मान्य करू की ज्याच्या नावाने आपण वेडेपणाला नाव दिलं, त्याने आपल्या फसलेल्या चलनाची किंमत आपल्या खजिन्यातून मोजली. शहागंजच्या काउंटरवर त्या संध्याकाळी फसलेल्या व्यवहाराची किंमत साडेअकराशे रुपयांचे कपडे घ्यायला आलेल्या बाईने मोजली. तुघलकी कशाला म्हणायचं ते पुन्हा ठरवायला हवं.

चलन बदलणं आमच्या भागाला नवीन नाही. आमच्या नानी हाली आणि कलदार या दोन्हींत हिशेब करायच्या. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजी राज्याचा. सात हालीचे सहा कलदार. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान गेलं, पण हाली एका रात्रीत गेला नाही. भारतीय रुपयाबरोबर तो काही वर्षं चालत राहिला आणि १९५० चं दशक संपता संपता पुरता निवृत्त झाला. एवढी उलथापालथ झालेल्या प्रदेशातही सरकारने म्हाताऱ्या बायकांना गाठोडी सोडायला वेळ दिला. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता आपल्याला चार तास मिळाले. चलनातल्या नोटांची ८६ टक्के किंमत मध्यरात्री बाद झाली. पुढे रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं की त्यातल्या ९९ टक्क्यांहून जास्त परत आल्या. आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलमध्ये पहिलं पेमेंट अ‍ॅप त्या रांगांच्या दिवसांत आलं. आवडीने आलं असं आज आपण विसरून म्हणतो.

आता माझ्यावर काय आरोप होतील ते मला ठाऊक आहे. स्टाफरूममध्ये ते ऐकून झालेत.

पहिला, हा माणूस प्रगतीच्या विरोधात आहे. नाही. मी रोज यूपीआय वापरतो. सुट्ट्या पैशांचं भांडण संपलं, गोळी-चॉकलेट हातात टेकवणं संपलं, रात्री गल्ला घेऊन घरी जाताना लुटलं जायची भीती कमी झाली. पुण्या-मुंबईत कामाला गेलेला मुलगा आईला क्षणात पैसे पाठवतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत हातगाडीवाल्यांना पहिलं दहा हजारांचं कर्ज मिळालं, त्यात डिजिटल व्यवहारांवर थोडा परतावाही होता. ज्या माणसाला बँकेच्या दारात कुणी उभं करत नव्हतं, त्याच्या व्यवहाराची नोंद राहू लागली. हे सगळं खरं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यूपीआयवर २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. म्हणूनच तर जबाबदारी मागतोय. एखादी सोय हौस असते तोवर ती बंद पडली तर आपण हसून सोडून देतो. तिच्यावर घरातली चूल अवलंबून झाली की तिला पाण्याच्या टाकीचे आणि विजेच्या तारेचे नियम लागले पाहिजेत.

दुसरा, लोक डिजिटल निरक्षर आहेत, त्यांना शिकवा. मी शिक्षक आहे, शिकवायला कधीही तयार आहे. पण बी.एड.ला आम्हाला एक गोष्ट शिकवली होती: अख्खा वर्ग एका प्रश्नाला चुकला तर आधी प्रश्नपत्रिका तपासा. त्या बाईने काय चूक केली? स्कॅन बरोबर, रक्कम बरोबर, पिन बरोबर. एनपीसीआयच्याच परिभाषेत फसलेल्या व्यवहारांचे दोन प्रकार असतात. पिन चुकला, शिल्लक नव्हती, तर तो ग्राहकाच्या बाजूचा नकार. सर्व्हर, जोडणी, यंत्रणा अडली, तर तांत्रिक नकार. दुसऱ्या प्रकारच्या दुखण्यावर पहिल्या प्रकारचं औषध देऊ नका.

तिसरा, रोख म्हणजे काळा पैसा. मग आकडे बघा. नोटबंदीच्या आधी देशात जवळपास १८ लाख कोटींचं चलन फिरत होतं. आज त्याच्या दुपटीपेक्षा जास्त आहे. यूपीआय एवढं वाढूनही. एवढे सगळे लोक चोर आहेत का? भाजीवाली गादीखाली चार नोटा ठेवते तेव्हा ती कर चुकवत नसते, उद्याच्या लिलावाची सोय करत असते.

आणि ज्याला आपण तिचं अज्ञान म्हणतो, ते बऱ्याचदा अनुभवाचं शहाणपण असतं. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूच्या छोट्या दुकानदारांनी क्यूआर कोड काढून टाकले, "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या. कारण कर्नाटकच्या कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा मोजून जीएसटीच्या नोटिसा काढल्या होत्या, मागच्या चार वर्षांच्या. त्यात दूध, भाजी, फळं विकणारेही होते, ज्यांच्या मालावर जीएसटीच नाही. पुढे सरकारला माघार घ्यावी लागली. कुणा भामट्याने फसवणुकीच्या पैशातून चहा प्यायला, म्हणून चहावाल्याचं अख्खं खातं गोठवल्याच्या तक्रारी २०२३ पासून केरळात आणि इतरत्र झाल्या. केरळच्या उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की वादातली रक्कम रोखा, सगळं खातं नको. पोटभर कमावणाऱ्या माणसाचं एकच खातं गोठलं की त्याचं घर गोठतं. मग त्याने दिवसाचा गल्ला निम्मा नोटांत ठेवला तर तो मागास कसा?

आता सगळ्यात अवघड गोष्टीकडे येतो. सर्व्हर आपोआप बंद पडतो तेव्हा त्याला बिघाड म्हणता येतं. पण या देशात इंटरनेट मुद्दाम बंद करतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आंदोलनाच्या काळात जालना, बीड आणि आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोबाईल इंटरनेट काही तास बंद होतं. जून २०२३ मध्ये स्टेटसवरून दंगल पेटली तेव्हा कोल्हापुरात बंद होतं. काश्मिरात ५ ऑगस्ट २०१९ ला बंद झालेलं इंटरनेट जानेवारी २०२० पासून टूजीवर रांगत परत आलं, आणि फोरजी यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. शांतता राखायला कधी कठोर उपाय करावे लागतात, यावर वाद होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात असे आदेश जाहीर केले पाहिजेत आणि ते प्रमाणात असले पाहिजेत, असं बजावलं आहे. माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. एकाच तोंडाने "खिशात नोटा ठेवू नका" आणि "आज इंटरनेट बंद" असं दोन्ही म्हणता येत नाही. इंटरनेट बंद करणारा आदेश आता फक्त अफवा थांबवत नाही. तो औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाचं पाकीटही बंद करतो. आणि दंगलीच्या दिवशी कुठल्या मोहल्ल्यातल्या माणसाला ओळखीच्या दुकानापासून लांब जायची हिंमत होत नाही, ते मी वेगळं लिहायला नको.

बाहेरचं जग काय करतंय बघा. स्वीडन म्हणजे रोखीला निरोप देण्यात सगळ्यांच्या पुढे असलेला देश. त्याच स्वीडनने नोव्हेंबर २०२४ मध्ये घरोघर पुस्तिका वाटली: संकटासाठी घरात निदान आठवडाभराची रोकड ठेवा, वेगवेगळ्या किमतीच्या नोटांत. शेजारच्या नॉर्वेने १ ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोख देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने पक्का केला. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालात अचानक वीज गेली आणि ज्यांच्याकडे नोटा होत्या त्यांनी पाणी आणि पाव विकत घेतला. आपल्याकडे उलट चाललंय. महामार्गावरच्या टोल नाक्यावर फास्टॅग नसेल आणि रोख दिली तर दुप्पट भरा. रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम २६ नोट देशात कुठेही कायदेशीर चलन आहे असं सांगतं, आणि तीच नोट पुढे केली की सरकारी नाक्यावर दंड.

मग मागतो काय? पाचच गोष्टी.

एक. औषध, दवाखाना, किराणा, शाळेची फी, एसटी, रुग्णालयाची अनामत, अशा ठिकाणी रोख नाकारता येणार नाही, असा स्पष्ट नियम. पाटी लावून, दंडासकट.

दोन. छोट्या रकमांना पाच दिवस नकोत. हजार-दीड हजाराचा अडकलेला व्यवहार त्याच दिवशी एका बाजूला लागला पाहिजे: एकतर दुकानदाराला जमा, नाहीतर ग्राहकाला परत. जी यंत्रणा दोन सेकंदांत पैसे पाठवल्याची जाहिरात करते, तिला परत करायला पाच दिवस कशाला?

तीन. एटीएममध्ये महिन्यात दहा तासांपेक्षा जास्त खडखडाट असेल तर बँकेला प्रत्येक एटीएममागे दहा हजार दंड, हा नियम ऑक्टोबर २०२१ पासून आहे. यूपीआय तासन्‌तास बंद पडल्यावर तसाच दंड लावा, आणि तो पैसा अडकलेल्या ग्राहकांकडे जाऊ द्या.

चार. इंटरनेटशिवाय चालणाऱ्या सोयी आहेत, त्या लोकांपर्यंत पोहोचवा. साध्या बटणाच्या फोनवरून चालणारं यूपीआय १२३पे मार्च २०२२ पासून आहे. दोन मोबाईल जवळ आणून नेटशिवाय पैसे देणारं यूपीआय लाइट एक्स २०२३ पासून आहे, पण त्याला दोन्हीकडे टॅपची सोय असलेले महागडे फोन लागतात. म्हणजे नेट गेल्यावर उपयोगी पडणारी सोय, ज्याचं नेट गेल्यावर सगळंच जातं त्याच्या फोनमध्ये नाही. स्वस्त फोनवर आणि दुकानाच्या मशीनवर ती आणा.

पाच. इंटरनेट बंदीच्या प्रत्येक आदेशात लिहा की या काळात लोकांनी पैसे कसे द्यायचे, आणि एटीएम भरलेली असतील याची जबाबदारी कुणाची. एटीएममध्ये शंभर-दोनशेच्या नोटा ठेवण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये केली आहे. ती आमच्या वस्त्यांतल्या एटीएमवर पाळली जाते का, तेही कुणी येऊन बघावं.

हे वरून येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. खिशात पाचशे-हजाराची सुटी रोकड ठेवू. मी ठेवतो आता. पैसे अडकले तर मेसेजमधला बारा आकडी संदर्भ क्रमांक जपू, आधी अ‍ॅपवर आणि बँकेत लेखी तक्रार करू, तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. भरपाईचे रोजचे शंभर रुपये हक्काचे आहेत, मेहरबानी नाही.

आणि दुकानदार भावांना एक विनंती. कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२वी, नमाज-रोज्यावर नाही, देण्याघेण्याच्या हिशेबावर आहे. व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, साक्षीदार ठेवावेत, आणि लिहिणाऱ्याला किंवा साक्षीदाराला त्रास होऊ नये, असं तिचं सांगणं आहे. काउंटरवर एक वही ठेवा. पैसे कटल्याचा मेसेज दाखवणाऱ्याचं नाव, मोबाईल आणि तो बारा आकडी क्रमांक लिहा. खोटा स्क्रीनशॉट दाखवणारा क्रमांक लिहू द्यायला कचरतो, खरा माणूस कचरत नाही. निदान माल राखून ठेवा. उधारीचा विश्वास आपण "सर" लोकांना पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आहोत. जिला तो खरोखर लागतो, तिच्यासाठी निदान वहीतली एक ओळ तरी असू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझे पैसे द्यायला गेलो. रोख नेले होते. त्या बाईची पिशवी काउंटरच्या मागे तशीच होती. दुकानदाराने राखून ठेवली होती, हे त्याच्या पदरात टाकायलाच हवं. ईदनंतर पुन्हा गेलो तेव्हा विचारलं. तिचे पैसे तिसऱ्या दिवशी तिच्या खात्यात परत आले. चांद रातीला ती नोटा घेऊन आली आणि पिशवी घेऊन गेली. तोपर्यंत तिला तीन वेळा यावं लागलं होतं. नारेगावहून, रिक्षाने. रिक्षाचं भाडं तिला कुठलं परिपत्रक परत देणार, ते मला कुणीतरी सांगावं.